दोन खाकी ठिगळं

बसच्या टपावरून पोतं खाली आलं, त्याच्या छातीवर आदळलं, आणि पडू नये म्हणून त्यानं ते दोन्ही हातांनी कवटाळलं तेव्हा त्याच्या नाकासमोर, वीतभर अंतरावर, दोन ठिगळं आली. गोल, खाकी, शेजारीशेजारी. एक थोडं वर, एक थोडं खाली, कारण कापणाऱ्यानं घाईत कापलं असणार. किमोथोनं पोतं खाली ठेवलं नाही. मिठीत धरलेल्या माणसाला जसं एकदम सोडता येत नाही तसं त्याला ते सोडता येईना.

"धर नीट, गाथेरूच्या पोरा," टपावरून कंडक्टर ओरडला. "बाप झालास ना? मग वजन पेलायला शीक. आणि ऐक, तुझ्या आईनं निरोप दिलाय. तिच्याच शब्दांत सांगतो, नाहीतर परत गेल्यावर म्हातारी मला झोडपेल. ती म्हणाली, माझा नवरा आला असेल तर पोतं परत पाठव, मला लागेल. दुसरंच कोणी आलं असेल तर ठेवून घे, मला त्याचा उपयोग नाही."

कोंबड्यांच्या खुराड्याशी बसलेली एक बाई हसली. "एवढी वर्षं झाली तरी म्हातारीला नवऱ्याची हौस आहे म्हणायची."

"मग, आला का?" कंडक्टरनं विचारलं.

"आलाय," किमोथो म्हणाला.

कोणीतरी आलंच होतं. तेवढं खोटं नव्हतं. आणि बसस्टँडवर उभं राहून, जुलैच्या त्या ओलसर थंडीत, टपावरून उतरणाऱ्या केळीच्या घडांखाली, यापेक्षा जास्त काय सांगायचं होतं? की पहिला मुलगा म्हणजे परत आलेला बापाचा बाप, त्याचंच नाव, हे जगात सगळ्यांना ठाऊक असलेलं मी मोडलं? की आमच्याकडे बाळंतिणीला कोणी 'काय झालं' विचारत नाही, 'कोण आलं' विचारतात, आणि त्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं, आणि ते उत्तर मी दिलं नाही? गाथेरू, त्याचा मेलेला बाप, यायला हवा होता. आई त्याला माझा नवरा म्हणणार होती, बायको न्योकाबी त्याचं ढुंगण धुताना सासरेबुवा, पाय वर करा म्हणणार होती, आणि तो, किमोथो, आपल्याच बापाला खांद्यावर घेऊन बाजारातून फिरवणार होता. आता खांद्यावर पोतं होतं.

बटाटे असावेत. वजन गुडघ्यात येतं. तो चालायला लागला. दुपारी काबुगी येणार होता, न्योकाबीचा बाप. काल शहरात आला होता आणि पुतण्याकडे उतरला होता, कारण जावयाच्या घरी पहिल्याच पावली मुक्काम करणं त्याला बरं दिसत नव्हतं. तो यायच्या आत घरी पोचायचं, बटाटे जमिनीवर ओतायचे, पोतं चुलीत. सोपं होतं. ताग चटकन जळतो. न्योकाबी विचारेल, चांगलं पोतं का जाळलंस? उंदरांनी कुरतडलं होतं. किंवा: त्यात ढेकूण होते. किंवा काहीच सांगायचं नाही. किमोथोला सांगण्यापेक्षा न सांगण्याचा सराव जास्त होता, आणि हा सराव त्याच्या पिढीतल्या कांगेमा गावच्या सगळ्याच पोरांना होता. गोऱ्या सरकारच्या आणीबाणीत ज्यांना मिसरूड फुटलं त्यांना विचारा, नाव काय, ती म्हणतील, कोणाचं?

चौकात त्यानंच लावलेली पाटी होती. ती बघून त्याला नेहमी बरं वाटायचं. आज त्यानं वर पाहिलं नाही. नगरपालिकेच्या पाट्यांच्या कारखान्यात तो गेली काही वर्षं होता. आधी गोऱ्यांच्या नावांच्या पाट्या रंगवायचा. डिसेंबरात झेंडा बदलल्यापासून त्याच उतरवायचा. शिडी लावायची, चार स्क्रू काढायचे, गव्हर्नरसाहेब खाली. त्याच भोकांत नवे चार स्क्रू. पहिल्या दिवशी खाली जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या आणि शिडीवर उभ्या किमोथोला आपण स्वतः राज्य आणल्यासारखं वाटलं होतं. शिडी धरणारा ओडुओर, तळ्याकाठच्या लुओ जमातीचा, मात्र तेव्हाही म्हणाला होता, "नाव उतरतं रे. पण त्याच्या मागचा चौकोन बघ." खरंच, जुनी पाटी होती तेवढा भिंतीचा तुकडा गोरापान राहिलेला असायचा, आणि नवी पाटी थोडी लहान असली की कडेनं तो दिसायचा. ओडुओर अशा वेळी दात काढायचा. "साहेब गेला, पण बनियन इथंच टाकून गेला." किमोथो हसायचा. रंग लावून तो पट्टा बुजवायचा. काम चोख असावं असं त्याला वाटायचं.

प्रसूतिगृहात नर्सनं विचारलं, "नाव?" तेव्हा न्योकाबीनं त्याच्याकडं पाहिलं होतं. विचारायचं म्हणून नव्हे, मान राखायचा म्हणून. उत्तर तिलाही ठाऊक होतं. गरोदरपणात लाथ बसली की ती म्हणायची, मामंजी आज रागात आहेत. आणि किमोथो म्हणाला, "काबुगी."

नर्स त्यांच्याच जमातीतली होती. तिनं हातातली लेखणी खाली ठेवली. "तुझ्या बापाचं नाव काबुगी?"

"हिच्या बापाचं."

"पहिलाच ना हा?"

"पहिलाच."

"मग असं कसं?"

"बाई, आता नवं राज्य आहे."

"राज्य नवं असेल," नर्स म्हणाली, "पोरं अजून जुन्याच वाटेनं येतात."

खोलीतल्या सगळ्या बाळंतिणी हसल्या आणि तोही हसला, आणि त्या हसण्यात ते होऊन गेलं. न्योकाबी रडली. आनंदानं रडली असं त्यानं धरलं. घरी आल्यावर शेजारणींनी आंबील प्यायली, मुलगा म्हणून रिवाजाच्या पाच किलकाऱ्या दिल्या, पोराला या हातातून त्या हातात देत काबुगी, काबुगी म्हणून हाका मारल्या, आणि पोरानं मान वळवली. वळवली का? चार दिवसांचं पोर मान वळवतं? पण शेजारणी म्हणाल्या, वळवली.

त्याला ते दान वाटत होतं. हे आता, रस्ता ओलांडताना, पोत्याची गाठ मानेत रुतत असताना, त्याला स्पष्ट दिसलं. आपण त्या म्हाताऱ्याला काहीतरी देतोय, न सांगता, न कबूल करता, झाकलेल्या ताटासारखं. माझ्या बापानं तुझी वर्षं घेतली. घे, मी माझ्या बापाची जागा तुला देतो. म्हाताऱ्याला कळणारही नाही कशाबद्दल. त्याला वाटेल, जावई प्रेमळ आहे.

गिकोंबाच्या बाजारापाशी भुरभुर सुरू झाली. तो एका शिंप्याच्या पत्र्याखाली थांबला, पोतं जमिनीवर ठेवलं, आणि उभं राहवेना म्हणून त्यावरच बसला. बसल्यावर दचकला. उठला. मग पुन्हा बसला. थांबायला नको होतं. हे त्याला तेव्हाच कळत होतं, आणि तरी तो बसून राहिला, शिंप्याचं यंत्र कानात वाजत राहिलं, आणि त्या टकटकीत आई घरात बसून टाके घालत होती. आईकडं यंत्र नव्हतं. सुई, आणि पोत्याचाच उसवलेला धागा.

तो मका आणायला कोठारात गेला होता, एकटाच, वय चौदा. गावाभोवती तेव्हा खंदक होता आणि खंदकात टोकदार बांबू, आणि सगळी पसरलेली घरं मोडून एका कुंपणात कोंबलेली. शाळा मात्र चालू होती. ज्यांचे बाप सरकारच्या बाजूचे त्यांची. खेळाच्या मैदानात सरकारचे शिपाई बंडखोर हुडकायला माणसं उकिडवी बसवायचे, हात डोक्यावर, रांगा करून. झाकलेल्या ट्रकमधून पोतेवाले उतरायचे. डोक्यापासून कमरेपर्यंत पोतं, त्याला डोळ्यांपुरती दोन भोकं. बाकावर बसायचे. रांगेतला एकेक माणूस त्यांच्यासमोरून जायचा. पोतं हललं नाही तर घरी. पोत्यानं मान डोलावली तर दुसरा ट्रक, कैद्यांच्या छावणीकडं जाणारा. किमोथोनं शाळेच्या उतारावरून पाहिलं होतं. सगळ्या पोरांनी पाहिलं होतं. सुट्टीत ती तोच खेळ खेळायची आणि मास्तर ओरडायचे, दुसरा खेळ नाही का रे तुम्हांला?

म्हणून कोठारात कणग्यांमागे तसलं पोतं सापडलं तेव्हा आधी त्याला खेळच सुचला. त्यानं ते डोक्यात घातलं. आत तपकिरीचा वास होता. जगात तपकीर पुष्कळ लोक ओढत, पण त्यात सुक्या केळीच्या पानाची राख घालणारा माणूस त्याला एकच ठाऊक होता, बाप. तो वास नाकात गेला, आणि त्यानं पोतं लगेच काढलं नाही. का काढलं नाही? याच प्रश्नावर तो दर वेळी येऊन थांबतो. त्यानं भोकांना डोळे लावले. बाहेरचं अंगण आलं, पण चिमूटभर: झाडाचं खोड होतं आणि झाड नव्हतं, कोंबडीचे पाय होते आणि कोंबडी नव्हती. मग त्या चिमटीत आई आली. ती त्याच्याकडं बघत उभी होती. आणि त्यानं, आतून, मान डोलावली.

खेळ म्हणून. खेळ म्हणूनच.

आई आली, तिनं पोतं त्याच्या डोक्यावरून काढलं, शिव्या दिल्या नाहीत. तिन्हीसांजेला तिनं त्याची शाळेची जुनी खाकी चड्डी घेतली, बुडाची जाड बाजू, दोन तुकडे कापले आणि भोकं बुजवली. दुसऱ्या दिवशी त्यात घेवडा भरला. त्यानंतर बापाला न्यायला ट्रक आला नाही. किंवा आला असेल, आणि बापाला दुसरं पोतं मिळालं असेल. सरकारकडं पोत्यांना काय तोटा.

बाप बोलत नसे. एकदाच, ज्या दिवशी गावातली बरीच माणसं त्या ट्रकमधून गेली, काबुगीही गेला, त्या दिवशी बापानं जेवायला नकार दिला आणि ओसरीच्या कडेला बसून पाय धुतले. धुतच राहिला. आई म्हणाली, कातडं निघेल. तो म्हणाला, "निघू दे." पुढं खोकल्यानं मेला तेव्हा किमोथो उशाशी होता. बापाचे ओठ हलले. किमोथोनं पाणी पाजलं. पाणीच मागितलं असेल. पण आता एवढ्या वर्षांनी त्याला वाटतं, पाणी मागणाऱ्याचे ओठ असे हलत नाहीत. ते बाहेर येतात, हे आत जात होते. विचारायला काय हरकत होती? वाकून, कान लावून, काय म्हणता बाबा, एवढंच. त्यानं भांडं तोंडाला लावलं आणि बापानं आज्ञाधारकपणे घोट घेतला.

मातीला बापाच्या बरोबरीचं कोणी आलं नाही. सुंतेला एका सुरीखाली बसलेले, थंडगार नदीत पहाटे एकत्र उभे राहून पुरुष झालेले, सख्ख्यांपेक्षा जवळचे. कोणाचं ढोर हरवलं होतं, कोणाला ताप होता. काबुगी तेवढा आला. छावणीतून सुटून त्याला फार दिवस झाले नव्हते. समोरचे दात नव्हते, आणि नदीकाठचा त्याचा जमिनीचा पट्टा तो आत असताना सरकारी मोजणीत किमोथोच्या बापाच्या नावावर गेला होता. तो खड्ड्याशी उभा राहिला, खाली बघत. पायांच्या बाजूला उभा राहिला होता. मूठभर माती टाकून निघून गेला. याला माहीत नाही, किमोथोला वाटलं, आणि त्याला इतकं हलकं वाटलं की त्याची त्याला शरम वाटली. त्या शरमेतूनच पुढं न्योकाबी आली असेल का? नाही. न्योकाबी तिच्या हसण्यातून आली. पण मागणी घालायला तो गेला तेव्हा म्हाताऱ्यानं त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं होतं. आधी चेहऱ्याकडं, मग खाली.

"गाथेरूचा मुलगा," काबुगी म्हणाला होता. "देतो. पण एक. पहिला मुलगा होईल तेव्हा आधी मला बोलवायचं. तुझ्या आईच्या आधी मला."

नातवाची हौस, किमोथोला वाटलं होतं.

शिंपी म्हणाला, "दादा, गिऱ्हाईक यायची वाट अडवलीय तुम्ही." पाऊस थांबलाच नव्हता, तो या दिवसांत थांबत नाही, फक्त दिसेनासा होतो. किमोथोनं पोतं पुन्हा खांद्यावर घेतलं, ठिगळं आतल्या बाजूला करून, मानेला टेकवून, आणि बहातीतल्या घरापर्यंतचा उरलेला रस्ता जवळजवळ पळत गेला.

उशीर झाला होता. दारात टायरच्या चपला होत्या.

"या हमालदादा," न्योकाबी म्हणाली. "बाबा केव्हाचे आलेत. मी त्यांना काही सांगितलं नाही हं, तुम्हीच सांगा." तिचा चेहरा धुतलेल्या ताटासारखा होता.

काबुगी तिवईवर बसला होता, टोपी गुडघ्यावर. "ये पोरा. ओझं उतरव. आईनं पाठवलं?"

"हो. बटाटे."

"मग बघत काय उभा आहेस, ओत की. कोंडून ठेवले तर कोंब फुटतील."

किमोथो पोत्याला पाठीमागून धरून उभा राहिला. पण म्हातारा उठला, त्यानंच गाठ सोडली, पोत्याच्या खालची दोन टोकं चिमटीत धरली, आणि बटाटे जमिनीवर घरंगळले, एक चुलीखाली गेला, एक खाटेखाली. काबुगीनं एक उचलला. अंगठ्यानं माती खरवडली, बोटांत चुरली, हुंगली.

"नदीकाठचे," तो म्हणाला. "माझ्या बापानं तिथं केळी लावली होती. बटाटा चांगला आलाय पण."

न्योकाबी म्हणाली, "बाबा, आजच्या दिवशी जमीन नको."

"मी कुठं काढली. तीच बटाट्याला चिकटून आली." मग कोणताही काटकसरी म्हातारा करील तेच त्यानं केलं. रिकामं पोतं झटकलं, मांडीवर घेतलं, हातानं सपाट करत घडी घालायला लागला. हात ठिगळापाशी आला. थांबला नाही, हळू झाला. एका ठिगळाच्या कडेनं बोट गोल फिरलं, मग दुसऱ्याच्या. डोळे मिटलेला माणूस चेहऱ्यावरून हात फिरवतो तसं.

"टाके चांगले आहेत," तो म्हणाला. "तुझ्या आईचा हात."

बाहेर कोणाची तरी मुलं डबा लाथाडत होती.

"आण ग त्याला," काबुगी म्हणाला, आणि न्योकाबीनं पोर पोत्याच्या घडीवर, म्हाताऱ्याच्या मांडीत ठेवलं. पोर जागं होतं. म्हातारा वाकला. दात नसलेल्या तोंडानं हसला की काय ते किमोथोला कडेनं दिसलं नाही.

"आलास का रे?" काबुगी पोराला म्हणाला. "किती वाट बघायला लावलीस. आणि बघ, तोंड न झाकता आलास. बरं केलंस. असंच यायचं असतं मित्राकडं." त्यानं पोराचे पाय दुपट्यातून बाहेर काढले, एकेक, आणि तळव्यावरून अंगठा फिरवला. "पाय तेच आहेत. आता सांग. आपल्याला घाई नाही. तू बोलायला लागेस्तोवर मी थांबतो. छावणीत मला थांबायचंच शिकवलं. पण पहिला शब्द दुसऱ्या कोणाशी बोलू नकोस, काय? पहिला माझ्याशी."

न्योकाबी हसत होती, तिला वाटलं म्हातारा पोराशी लाडात बोलतोय, आणि तो लाडातच बोलत होता. तेच भयंकर होतं. किमोथोला वाटलं, गप्प राहावं. आयुष्यात एकदा गप्प राहण्याचा उपयोग झाला असता तर तो आत्ता झाला असता. पण न्योकाबी त्याच्याकडं बघत होती, भुवया उंचावून, सांगा ना; आणि त्यानं न सांगण्याचा एवढा सराव केलेला असून तो म्हणाला,

"बाबा, त्याचं नाव काबुगी ठेवलंय."

"तुमचं नाव, बाबा," न्योकाबी म्हणाली.

म्हाताऱ्याचा अंगठा तळव्यावर थांबला.

"माझं?"

"हो."

"मी तर इथं बसलोय."

यावर हसायला हवं होतं. न्योकाबी थोडं हसलीही. मग तिनं दोघांकडं पाहिलं, आणि आंबील उतू जाईल असं काहीतरी म्हणून मागच्या मोरीकडं गेली. चुलीवर आंबील नव्हती.

"तुला वाटलं मला माहीत नाही," काबुगी म्हणाला. आवाज चढला नव्हता. पोर घाबरलं नसतं एवढाच होता. "पोतं डोक्यावर घालतात, पोरा. पायांवर कोण घालतं? आमच्या डोक्यावर हात होते, माना खाली. पायच दिसत होते. एका सुरीखाली बसलो आम्ही, नदीत त्याच्या पायावर पाय देऊन उभा होतो मी, थंडीनं पडू नये म्हणून. त्याचा डावा पाय उजव्यावर घासायची खोड. तशीच घासत होता. मग वर पोत्यातली मान हलली."

"मग मुलगी का दिलीत?"

"त्याला आणायला दुसरी वाट होती का?"

"काय करणार होता तुम्ही? सूड घेणार होता? पोरावर?"

काबुगीनं त्याच्याकडं पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर राग आला, छोटासा, दुखावलेल्या माणसाचा. "खांद्यावर घेऊन फिरणार होतो. बकऱ्या चारायला नेणार होतो. काय करतात नातवाचं? आणि रोज एकदा विचारणार होतो, का रे? त्याला कुठं कळणार होतं. तो हसला असता. पोरं हसतात, काहीही विचारलं तरी. तेवढं मला पुरलं असतं." तो थांबला. "कदाचित नसतं पुरलं. बघितलं असतं."

"बदलू आपण. आजच बदलू."

"हाका मारल्यात ना?"

"हो."

"त्यानं ऐकल्या. आता त्याला दुसरा कोण म्हणून बोलवशील? पाटी बदलायला रस्ता आहे का तो?"

"दुसरा होईल तेव्हा..."

"पुढच्या दारानं ज्याला घेतलं नाही तो मागच्या दारानं कशाला येईल. गाथेरूला तू ओळखत नाहीस. मानी होता." म्हाताऱ्यानं पोराचे पाय पुन्हा दुपट्यात घातले, नीट, जसे काढले होते तसे, आणि पोर उचलून किमोथोच्या हातात दिलं. "हा घे. हा मी आहे. माझं मला काय करायचंय? मला माझ्याशी काही बोलायचं नाही."

किमोथोला सांगायचं होतं. कोठारातलं, तपकिरीचं, ओठांचं, पाण्याच्या भांड्याचं. मलाही विचारायचं होतं, बाबा. मलाही तो यायला हवा होता. तुम्ही मागाल, आई मागेल, म्हणजे मला त्याचं नाव द्यावंच लागेल, अशी मी आतून वाट बघत होतो आणि कोणी मागायच्या आत मीच तुमचं नाव... हे सगळं त्याच्या तोंडाशी आलं, आणि त्याच वेळी पोर रडायला लागलं, आणि तो त्याला झुलवत उभा राहिला.

काबुगीनं टोपी घातली. मग पोत्याकडं बोट केलं. "हे मला दे."

"आई म्हणाली..." तो थांबला. आई काय म्हणाली होती? आला असेल तर परत पाठव. आला नसेल तर ठेवून घे. तिसरं काही ती बोलली नव्हती. "काय करणार त्याचं?"

"बोलायला काहीतरी हवं ना माणसाला," काबुगी म्हणाला.

न्योकाबीनं जेवून जा म्हणून आग्रह केला, बटाटे उकडते म्हणाली, बापानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, पुढच्या खेपेला. किमोथो दारात उभा राहिला, मग रस्त्यापर्यंत गेला, मग तिथंच थांबला, कारण म्हाताऱ्यानं हातानं तसं खुणावलं. पोर आत न्योकाबीकडं होतं, तिची हाक ऐकू येत होती: काबुगी, ए काबुगी, उगी राहा. रस्त्यावरचा काबुगी वळला नाही. भुरभुर वाढली होती. बसथांब्याच्या खांबाशी जाऊन त्यानं घडी उलगडली, पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खोचला आणि पावसात शेतावरून घरी जाणारा कुठलाही म्हातारा घेतो तसं ते डोक्यावरून घेतलं. कमरेपर्यंत पोतं. खाली दोन पाय. अंतर फार नव्हतं, पण पावसामुळं ठिगळं खाकी दिसत नव्हती, नुसतीच काळी दिसत होती.

बस आली. पाऊस चुकवायला म्हणून किमोथोनं दोन्ही हात डोक्यावर घेतले होते. पायरीवर एक पाय ठेवून ते पोतं त्याच्याकडं वळलं, क्षणभर तसंच राहिलं, आणि मग, येतो म्हणून असेल, त्यानं एकदा मान डोलावली. बस गेली तरी किमोथोचे हात डोक्यावर होते तसेच राहिले.